दुसरे वाहन म्हणून छोटी मोटार

ज्या कुटुंबाकडे आधीपासून एखादे वाहन आहे, त्याने प्रामुख्याने शहरातल्या शहरात, थोड्या अंतरासाठी वापरण्याकरिता घेतलेली कमी लांबीची व कमी खर्चाची चारचाकी म्हणजे दुसरे वाहन म्हणून घेतलेली छोटी मोटार होय. पहिले वाहन मोठी मोटार असते किंवा दुचाकीही असते. महाराष्ट्रातील नागरी कुटुंबांत या दोन्ही प्रकारची उदाहरणे आढळतात. अशा मोटारीची निवड करताना लागू होणारे निकष एकुलत्या एका मोटारीच्या निकषांहून बरेच वेगळे असतात. डिकी किती मोठी आणि महामार्गावर वेग किती, यापेक्षा उभी करायला जागा आहे का, वयस्कर माणसाला सहज चढता-उतरता येते का आणि महिनाभरात मोजके किलोमीटर धावूनही ती परवडते का, हे प्रश्न येथे अधिक महत्त्वाचे ठरतात. प्रस्तुत लेखात या निवडीचा विचार महाराष्ट्राच्या, विशेषतः वसई-विरार परिसराच्या संदर्भात केला आहे.

व्याख्या

बोलीभाषेत 'छोटी गाडी' हा शब्द सैलपणे वापरला जात असला, तरी भारतात त्याला करविषयक अर्थ आहे. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ४,००० मिलिमीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलवर १,२०० घन सेंटिमीटरपर्यंत किंवा डिझेलवर १,५०० घन सेंटिमीटरपर्यंत क्षमतेचे इंजिन असलेल्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. तेव्हापासून चार मीटरची ही मर्यादा भारतीय मोटारींच्या रचनेवर ठसा उमटवून आहे. अनेक गाड्यांची मागची बाजू एकदम तुटल्यासारखी दिसते, ती या मर्यादेमुळेच. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या रचनेत छोट्या मोटारींवर २८ टक्के कर व त्यावर पेट्रोल मोटारीस १ टक्का, डिझेल मोटारीस ३ टक्के उपकर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गटातील मोटारींवरील कर १८ टक्के करण्यात आला व उपकर रद्द झाला, तर मोठ्या मोटारींवरील कर ४० टक्के झाला.

बजाज ऑटोची 'क्यूट' ही छोट्या मोटारीसारखी दिसत असली, तरी कायद्याने ती मोटार नसून 'क्वाड्रिसायकल' या वेगळ्या वर्गात मोडते. तिचे इंजिन २१६ घन सेंटिमीटरचे असून कमाल वेग ताशी ७० किलोमीटर आहे.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची मोटार म्हणजे मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० या मोटारीच्या निरनिराळ्या आवृत्त्या काढल्या आणि १९७० च्या दशकात तिलाच 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. १,०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि चार मीटरहून किंचित कमी लांबी असलेली पद्मिनी आजच्या करव्याख्येनुसार 'छोटी' ठरली असती. त्या काळात मात्र तिच्याकडे कोणी छोटी गाडी म्हणून पाहत नसे. घरात एक मोटार असणे हीच श्रीमंतीची खूण होती व दुसऱ्या मोटारीचा विचारही दुर्मीळ होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत रस्त्यावर होती.

स्वस्त व खरोखरच लहान मोटार बनविण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रात झाले. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून 'मीरा' या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने स्वतः घडविले, परंतु तिचे व्यापारी उत्पादन होऊ शकले नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि परिस्थिती पालटली. ७९६ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरी इंजिन असलेली ही मोटार सुमारे पन्नास हजार रुपयांत मिळे. तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. १९९८ हे वर्ष या क्षेत्रात विशेष गजबजलेले होते. त्याच वर्षी ह्युंदाईची सँट्रो आली आणि वर्षअखेरीस पुण्यात तयार होणारी टाटा इंडिका बाजारात उतरली. २००० मध्ये मारुतीची अल्टो आली. पुढे अनेक घरांत जुनी ८०० किंवा अल्टो विकून न टाकता, नवी मोठी गाडी आल्यावर तिला 'घरातली दुसरी गाडी' म्हणून ठेवण्याची पद्धत पडली. महाराष्ट्रातील दुसऱ्या मोटारीचा उगम बऱ्याच अंशी असा आपोआप झालेला आहे. ती ठरवून घेतली गेली नाही, ती उरली.

टाटा नॅनो हा या इतिहासातील सर्वांत बोलका अध्याय होय. भर पावसात एका दुचाकीवरून चाललेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांना या मोटारीची कल्पना सुचली. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत तिचे अनावरण झाले, तर २३ मार्च २००९ रोजी मुंबईत ती विक्रीसाठी खुली झाली. तिची लांबी ३,०९९ मिलिमीटर, इंजिन ६२४ घन सेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे व मागील बाजूस बसविलेले, आणि वळणत्रिज्या केवळ ४ मीटर होती. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथील प्रकल्प गुंडाळून कारखाना गुजरातेत साणंद येथे हलवावा लागला आणि २०१८ मध्ये उत्पादन प्रत्यक्षात थांबले. 'जगातील सर्वांत स्वस्त मोटार' ही जाहिरातच तिला भोवली, असे पुढे रतन टाटा यांनीही मान्य केले. दुचाकीवरून पहिल्यांदा चारचाकीकडे वळणाऱ्या कुटुंबाला 'सर्वांत स्वस्त' हे बिरुद नको होते. वास्तविक दारातली दुसरी गाडी म्हणून नॅनो अत्यंत सोयीची होती. अरुंद गल्लीत ती सहज वळे व तिच्या उंच बैठकीवर ज्येष्ठांना न वाकता बसता येई. मात्र ती ज्यांच्यासाठी बनविली गेली आणि ज्यांच्या उपयोगाची होती, ते दोन वर्ग वेगळे होते.

वसई-विरार परिसरातील संदर्भ

एव्हरशाईन सिटी ही पालघर जिल्ह्यातील वसई (पूर्व) येथील मोठी निवासी वसाहत आहे. ती वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत येते. ही महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली, तर पालघर जिल्ह्याची निर्मिती १ ऑगस्ट २०१४ रोजी झाली. येथील वाहनांच्या क्रमांकाची सुरुवात 'एमएच ४८' या अक्षरांनी होते.

या परिसरातील कुटुंबाचा दिनक्रम लोकलच्या वेळापत्रकाभोवती फिरतो. नोकरीसाठी मुंबईत जाणारी व्यक्ती मोटारीने क्वचितच जाते, ती वसई रोड किंवा नालासोपारा स्थानकावर गाडी पकडते. त्यामुळे घरातील मोटारीचे खरे काम स्थानकापर्यंत सोडणे-आणणे, मुलांची शाळा व शिकवणी, दवाखाना, बाजार आणि वसई (पश्चिम) भागातील नातेवाइकांकडील फेरी एवढेच असते. वसंत नगरी, रेंज नाका, गोखिवरे या मार्गाने वसई फाट्यावर जाऊन राष्ट्रीय महामार्ग ४८ गाठणे हा त्यातला सर्वांत लांबचा नित्य प्रवास म्हणता येईल. रोजचे अंतर बहुधा दहा ते पंधरा किलोमीटरच्या आत राहते, परंतु तेवढ्या अंतरात पहिला व दुसरा गिअर सोडून पुढे जाण्याची संधी थोडीच मिळते.

वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये खाडी असून रस्त्याने हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर पडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या रो-रो फेरीतून मोटार बोटीवर चढवून खाडी ओलांडता येते. ऑक्टोबर २०२४ पासून दहिसरसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ करण्यात आला आहे.

खर्चाचा हिशेब

दुसरी मोटार घेताना बहुतेकांचे लक्ष 'ॲव्हरेज'वर म्हणजे एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते यावर असते. कमी वापराच्या गाडीत मात्र इंधन हा खर्चाचा लहान भाग असतो. पुढील हिशेब केवळ समजण्यासाठी असून त्यातील आकडे गृहीत धरलेले आहेत.

पाच लाख रुपयांची नवी मोटार आठ वर्षे वापरून दीड लाखाला विकली, तर साडेतीन लाखांची घट ९६ महिन्यांवर विभागली जाते, म्हणजे दरमहा सुमारे ३,६५० रुपये. विम्याचे वर्षाला १५,००० म्हणजे दरमहा १,२५०, तर देखभालीचे वर्षाला ९,००० म्हणजे दरमहा ७५०. मोटार महिन्याला ३०० किलोमीटर धावते, गर्दीत लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असे मानल्यास इंधनाचे २,१०० रुपये होतात. एकूण खर्च ७,७५० रुपये, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ २६ रुपये. यात इंधनाचा वाटा चौथ्या हिश्श्याहून थोडाच अधिक आहे आणि घसारा जवळजवळ निम्मा आहे. कर्जाचे व्याज धरल्यास तो भार आणखी वाढतो.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली, महिन्याला २००-३०० किलोमीटरच धावणार असेल, तर रिक्षा व टॅक्सी हा खरा स्पर्धक आहे, दुसरी कंपनी नव्हे. मोटार तरीही घेतली जाते, कारण रात्री दोन वाजता आजारी माणसाला दवाखान्यात नेण्याची हमी किलोमीटरच्या दरात मोजता येत नाही. परंतु ही हमी आपण किती रुपयांना विकत घेत आहोत, हे माहीत असणे चांगले. दुसरी, घसारा हाच मोठा खर्च असल्यामुळे तो ज्याने आधीच सोसला आहे अशा मालकाकडून वापरलेली गाडी घेणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. अडीच लाखांना घेतलेली गाडी पाच वर्षांनी सव्वा लाखाला विकली, विम्याचे दरमहा ८०० व देखभालीचे १,२५० रुपये धरले आणि इंधन तेवढेच मानले, तर महिन्याचा खर्च सुमारे ६,२०० रुपये होतो.

महाराष्ट्रात खासगी मोटारीच्या नोंदणीच्या वेळी एकरकमी वाहन कर भरावा लागतो. वैयक्तिक नावावरील दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस तो ११ टक्के आणि डिझेल मोटारीस १३ टक्के आहे. सीएनजी मोटारींचा दर त्यांहून कमी असून १ जुलै २०२५ पासून त्यात एक टक्क्याची वाढ झाली. कंपनीच्या नावावर नोंदलेल्या मोटारीस हाच कर २० टक्के पडतो. व्यवसायाच्या नावावर दुसरी गाडी घेऊन बचत करू पाहणाऱ्यांच्या हे सहसा उशिरा लक्षात येते.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. जून २०२२ मध्ये निश्चित झालेल्या दरांनुसार १,००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीस तीन वर्षांचा हा हप्ता ६,५२१ रुपये आणि १,००० ते १,५०० घन सेंटिमीटरच्या मोटारीस १०,६४० रुपये आहे. लिटरभराच्या इंजिनाचा हा एक छोटासा लाभ. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, मात्र ती एका वेळी एकाच मोटारीला लागू होते. पहिली गाडी घरात कायम असेल, तर दुसऱ्या गाडीची सुरुवात शून्यापासून होते.

आरामाचे मोजमाप

छोट्या मोटारीचा आराम गादीच्या मऊपणात नसतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बैठकीची जमिनीपासूनची उंची. गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला खाली घसरून बसावे लागेल अशी किंवा वर चढावे लागेल अशी, दोन्ही प्रकारची बैठक त्रासदायक होते. उभ्या माणसाने किंचित मागे टेकावे आणि तो बैठकीवर यावा, ही उंची आदर्श. मारुतीची वॅगन आर ही मोटार (लांबी ३,६५५, रुंदी १,६२०, उंची १,६७५ मिलिमीटर) ज्येष्ठांच्या घरात लोकप्रिय आहे, ती याच कारणाने. अल्टो के१० ही तिच्याहून १२५ मिलिमीटर आखूड, १३० मिलिमीटर अरुंद आणि १५५ मिलिमीटर ठेंगणी आहे. कागदावर हा फरक चार-सहा बोटांचा दिसतो. प्रत्यक्षात मागे बसलेल्या तिसऱ्या माणसाचा खांदा आणि पुढे बसलेल्या आजोबांची टोपी या दोन ठिकाणी तो जाणवतो.

टाटा टियागोची बैठक तुलनेने खाली आहे, परंतु ती रुंद (१,६७७ मिलिमीटर) व वजनदार असल्याने खराब रस्त्यावर कमी हिंदकळते. रेनो क्विडचा तळ जमिनीपासून १८४ मिलिमीटर उंच आहे आणि वसाहतीतील उंच गतिरोधकांवर त्याचा उपयोग होतो. एमजी कॉमेट ही दोन दरवाजांची विद्युत मोटार ३ मीटरहूनही आखूड आहे. पुढे दोघांना ती प्रशस्त वाटते, परंतु मागच्या आसनावर जाण्यासाठी पुढचे आसन पुढे सरकवून आत शिरावे लागते. घरात वृद्ध असल्यास एवढी एक गोष्ट निर्णय फिरवायला पुरेशी आहे.

म्हणून प्रत्यक्ष चालवून पाहताना केवळ चालविणाऱ्याने बसून भागत नाही. ज्यांच्यासाठी गाडी घ्यायची त्या सर्वांना, विशेषतः घरातील सर्वांत उंच आणि सर्वांत वयस्कर व्यक्तीला, मागील आसनावर बसवून नेहमीच्याच रस्त्यावरून फेरी मारणे उपयुक्त असते. विक्रेता बहुधा गुळगुळीत मोकळा रस्ता निवडतो. तीन सिलिंडरांच्या इंजिनाची थरथर, सिग्नलला वातानुकूलन चालू ठेवून उभे असताना होणारी घरघर आणि मान टेकायला आधार आहे की नाही, या गोष्टी गर्दीच्या रस्त्यावरच कळतात.

क्लच हा आणखी एक मुद्दा. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर भारतात स्वस्त स्वयंचलित गिअरची पद्धत आली. तीत नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, परंतु क्लच दाबणे व गिअर बदलणे हे काम यंत्रणा करते. गिअर बदलताना किंचित गचका बसतो आणि चढावर गाडी मागे येण्याची शक्यता असते. तरीही रोज स्थानकापर्यंतच्या खोळंब्यात डाव्या पायाला मिळणारी विश्रांती मोलाची असल्याने शहरी वापरासाठी ही पद्धत आता रूढ झाली आहे. उत्तम दर्जाच्या स्वयंचलित गिअरची सवय असलेल्याने मात्र तो गचका आधी अनुभवून पाहावा.

इंधनाची निवड

जाहिरातीतील इंधन-क्षमतेचे आकडे प्रयोगशाळेत ठरावीक चक्रानुसार केलेल्या चाचणीचे असतात. ही चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही प्रमुख असून तिच्या आद्याक्षरांवरून या आकड्यांना 'एआरएआय मायलेज' म्हटले जाते. अल्टो के१० चा असा आकडा लिटरला २४ किलोमीटरच्या पुढे आहे. गर्दीत व वातानुकूलनासह तो बराच खाली येतो.

सीएनजीवर चालणारी गाडी नेहमीच स्वस्त पडते, ही समजूत वापरावर अवलंबून खरी किंवा खोटी ठरते. सीएनजी आवृत्तीसाठी ९०,००० रुपये अधिक मोजावे लागतात आणि किलोमीटरमागे ३ रुपये ४० पैसे वाचतात असे मानल्यास महिन्याला ३०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे जादा पैसे भरून निघायला सात वर्षांहून अधिक काळ लागतो. हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीत तेच सव्वादोन वर्षांत साधते. शिवाय पंपावरील रांग हा खर्चही आहेच, फक्त तो रुपयांत होत नाही. मोठ्या टाकीने डिकी व्यापली जात असे. २०२३ मध्ये टाटा मोटर्सने एकाऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसविण्याची पद्धत आणल्याने ही अडचण काही गाड्यांत कमी झाली आहे. टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करून घ्यावी लागते. जुनी सीएनजी गाडी घेताना तिचे प्रमाणपत्र अवश्य पाहावे.

डिझेल हा पर्याय छोट्या मोटारीत आता जवळजवळ उरलेला नाही. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या व इतरांनीही छोट्या गाड्यांत तोच मार्ग धरला.

विद्युत मोटारीच्या बाबतीत दुसरे वाहन ही सर्वांत अनुकूल परिस्थिती होय. रोजचे अंतर थोडे असते, ती रात्री दारातच उभी राहते आणि लांबच्या प्रवासाला पहिली गाडी असते, त्यामुळे वाटेत चार्जिंग संपण्याची धास्ती उरत नाही. २००१ मध्ये बंगळूरुत तयार झालेल्या 'रेवा'चे गणितही हेच होते, पण ती काळाच्या फार आधी आली. सप्टेंबर २०२२ मध्ये सादर झालेली टियागो ईव्ही १९.२ व २४ किलोवॉट-तास क्षमतेच्या बॅटरीसह आणि कॉमेट सुमारे १७ किलोवॉट-तासांच्या बॅटरीसह मिळते. दोन्ही घरच्या १५ अँपिअरच्या जोडणीवर रात्रभरात भरतात. अडचण तांत्रिक नसून सामाजिक आहे. आपल्या मीटरपासून तळमजल्यावरील वाहनतळापर्यंत स्वतंत्र वाहिनी ओढायला गृहनिर्माण संस्थेची संमती मिळवावी लागते आणि ती मोटार आरक्षित करण्यापूर्वीच लेखी घेतलेली बरी.

सुरक्षितता

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच छोट्या मोटारींच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही मोटारींना प्रौढांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतरच्या दशकात चित्र झपाट्याने बदलले. २०१९ मध्ये चालकासाठी एअरबॅग व चाके जाम न होऊ देणारी ब्रेक प्रणाली सक्तीची झाली, पुढे चालकाशेजारील प्रवाशासाठीही एअरबॅग अनिवार्य झाली. भारताची स्वतःची 'भारत एनकॅप' ही तारांकन पद्धती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. अल्टो के१० सारख्या मोटारीतही २०२५ मध्ये सहा एअरबॅग आल्या. जुनी गाडी घेताना वर्ष पाहण्याचे हे एक ठोस कारण आहे. २०१९ पूर्वीच्या अनेक स्वस्त आवृत्त्यांत एकही एअरबॅग नव्हती.

'गावातल्या गावात तर फिरवायची' हा युक्तिवाद सुरक्षिततेबाबत पुरेसा नाही. वसई फाट्यावरून वळताच तीच गाडी अवजड ट्रकांच्या रांगेत येते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांच्यासोबत मागील आसनावर बसलेले सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. मोटार महागडी व उत्तम संरक्षण असलेली होती, मात्र मागील दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मागील आसनावरील पट्ट्याची देशभर चर्चा झाली. छोट्या मोटारीत, जिथे मागे बहुधा मुले किंवा आजी-आजोबा बसतात, तिथे मागील तिन्ही जागांना खांद्यावरून येणारे पट्टे आहेत का आणि ते सहज हाती लागतात का, हे पाहणे अगत्याचे आहे.

जागेचा प्रश्न

दुसरी मोटार घेण्यातील सर्वांत मोठा अडसर पैसा नसून जागा हा आहे. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (२०२०) मोटारीच्या एका जागेचे माप २.५ मीटर बाय ५ मीटर धरले आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला सामान्यतः एकच जागा मिळते. जागा शिल्लक असल्यास दुसरी जागा एका वर्षापुरती देता येते आणि अन्य सभासदाला गरज पडल्यास ती सोडावी लागते. म्हणजे आठ वर्षांसाठी घेतलेल्या मोटारीला हक्क मिळतो तो वर्षभराचा.

इमारतीखालील मोकळ्या खांबांमधील जागा 'विकत घेतली' असल्याचा दावाही दरवेळी टिकत नाही. दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दिलेल्या निकालानुसार अशी जागा सदनिकेहून वेगळी करून विकण्याचा अधिकार विकासकाला नाही, ती संस्थेच्या सामाईक मालमत्तेचा भाग असते. मे २०२५ मध्ये राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी वाहनतळाच्या जागेचे प्रमाणपत्र असल्याखेरीज नव्या मोटारीची नोंदणी न करण्याचे धोरण मांडले. असे धोरण अमलात आल्यास दुसऱ्या मोटारीचा निर्णय विक्रेत्याच्या दालनाऐवजी संस्थेच्या कार्यालयात सुरू होईल.

सखल भाग आणि पावसाळा

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर मुसळधार पावसाने जलमय झाला, रेल्वे वाहतूक ठप्प झाली आणि एव्हरशाईन सिटीसह वसई व नालासोपारा येथील सखल वसाहतींत पाणी साचले. तळमजल्यावर उभ्या असलेल्या मोटारींना अशा वेळी हलवायला जागाच नसते. ज्या घरात दोन मोटारी आहेत, तेथे एक आधीच उंचावरील रस्त्यावर नेऊन ठेवली जाते आणि दुसरी बहुधा पाण्यात सापडते.

पाण्यात उभी राहिलेली मोटार चालू करणे ही सर्वांत महागडी चूक होय. हवा आत घेणाऱ्या नळीवाटे पाणी सिलिंडरमध्ये शिरलेले असल्यास दट्ट्या वर येताना पाणी दाबले जात नाही, कारण द्रव हवेसारखा आकुंचन पावत नाही. परिणामी दट्ट्याला जोडणारा दांडा वाकतो किंवा तुटतो. सर्वसाधारण सर्वंकष विम्यात पुराचे नुकसान धरलेले असले, तरी पाण्यात गाडी चालू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेला इंजिनाचा बिघाड 'परिणामी नुकसान' मानून विमा कंपन्या सहसा नाकारतात. त्यासाठी 'इंजिन संरक्षण' हे स्वतंत्र पूरक कवच घ्यावे लागते. सखल वसाहतीत राहणाऱ्याने संगीत यंत्रणेवर किंवा रंगीत चाकांवर खर्च करण्याआधी या कवचाचा हप्ता भरावा. पाणी ओसरल्यावर किल्ली न फिरविता बॅटरीची जोडणी काढून, छायाचित्रे घेऊन, गाडी ओढून दुरुस्तीकेंद्रात नेणे हीच योग्य रीत आहे.

पुरात सापडलेल्या गाड्या काही महिन्यांनी स्वच्छ होऊन वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात येतात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिल्यास त्यावर मातकट पाण्याची रेघ दिसते, आसनाखालील रुळांत गाळ व बोल्टवर गंज आढळतो, सतरंजीखाली दमट वास येतो. भरपूर सुगंध मारलेली गाडी त्यामुळे संशयानेच पाहावी. विमा कंपनीकडील दाव्यांचा इतिहास मागता येतो व तो मागावाच. यासोबत प्रलंबित ई-चलने आणि कर्जाचा बोजा तपासावा. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, आणि कर्ज फिटले असल्यास बोजा उतरविण्यासाठी नमुना ३५ लागतो. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील निर्बंधांमुळे तेथून स्वस्त गाड्या येतात, परंतु त्यांना तेथील ना-हरकत प्रमाणपत्र व महाराष्ट्रातील वाहन कर लागतो आणि स्वस्ताई बरीचशी तेथेच संपते.

दुसरी मोटार पुष्कळ दिवस उभी राहते, त्यामुळे तिची झीज चालण्याने कमी व थांबण्याने अधिक होते. बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात, समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो आणि पावसाळ्यात आसनांवर बुरशी येते. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालविणे यावर पुरेसे असते. जागेवर पाच मिनिटे इंजिन सुरू ठेवल्याने बॅटरी फारशी भरत नाही. टायर न झिजताही जुने होतात. त्यांच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात, आणि '२३१९' असे कोरलेला टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातील असतो, मग त्यावरील नक्षी कितीही नवी दिसो.